पोरं न मोजता मोंबासापर्यंत

परदेशातून आलेल्या माणसाकडे लोक घड्याळ मागतात, फाउंटन पेन मागतात. माझ्याकडे किस्से मागतात, कारण आणण्यासारखं मी दुसरं काही आणलंच नव्हतं! पाच पोरं घेऊन निघालेल्या माणसाच्या पेटीत जागा कुठली? किस्से मात्र आपोआप साठत गेले, घरात रद्दी साठते तसे. टाकायला काढावेत आणि वाचत बसावं. गंमत अशी की त्यातला कोणताही किस्सा उचला, येडा निघतो तो मीच.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. मी अमरावतीच्या एका हायस्कुलात गणित शिकवायचो. आफ्रिकेत, किसुमू नावाच्या गावी, तिथल्या भारतीयांच्या एका शाळेला गणिताचा मास्तर हवा होता. मी अर्ज केला. अर्ज करताना वाटलं होतं, कोण बोलावतंय आपल्याला! त्यांनी बोलावलं.

घरात मी, बायको इंदू, आई आणि पाच पोरं. नलू दहा वर्षांची, बापू आठचा, शरद पाचचा, कुसुम तीनची आणि छोटी अजून मांडीवर. आईनं बातमी ऐकली आणि तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जा बाप्पा. पन एक लेकरू माह्यापाशी ठेवून जा."

मी म्हटलं, "आई, जाऊ तर सगळे जाऊ."

आईनं तांदळाचं सूप बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मंग एक आइक गजू. त्याईले मोजू नको. मोजलेलं लेकरू कमी होते."

हे आईचं जुनं भय होतं. तिची चार लेकरं लहानपणीच गेली. राहिलो मी आणि अकोल्याला दिलेली माझी अक्का. एका लग्नाच्या पंगतीत कुण्या बाईनं बोट दाखवत दाखवत आम्हाला मोजलं होतं आणि त्यानंतरच घराला साथ लागली, असं आई मानायची. मी तिला बीएस्सीच्या थाटात समजवायला गेलो. तेवढ्यात इंदूनं सासूची बाजू घेत तिथल्या तिथे निकाल दिला. "आत्याबाईचं आइकत असान तं मी येतो. नाई तं तुमी एकटेच जा आफ्रिकेले आन् शिकवा तिथल्या लोकाईले पाढे!"

मी शब्द दिला. अकरा वर्षं पोरांना पाढे शिकवणाऱ्या माणसानं स्वतःची पोरं मोजणार नाही असा शब्द दिला!

* * *

पहिला फटका कलेक्टर कचेरीतच बसला. पासपोर्टच्या फॉर्मवर एक रकाना होता: मुलांची संख्या.

इंदू शेजारी उभी. मी पेन उचललं, तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पेन खाली ठेवलं. मग युक्ती काढली आणि पाचही नावं एकाखाली एक लिहून दिली.

कारकून म्हणाला, "मास्तर, नावं नाही विचारली, टोटल विचारली. गणिताचे ना तुम्ही?"

मी खाकरलो. आमच्या घरी जरा अशी अशी पद्धत आहे, वगैरे वगैरे सांगितलं. वाटलं, आता सगळी कचेरी हसेल. कारकुनानं पेन्सिल ठेवली, टोपी सारखी केली आणि इंदूला म्हणाला, "बरोबर हाये वहिनी. आमची बुढीबी मोजू देत नाई." मग मला म्हणाला, "द्या इकडं. मी नुसती नावं मोजतो, नावं मोजल्यानं काई होत नाई!"

त्यानं आकडा लिहिला. मी मान दुसरीकडे वळवली, उगाच दिसायला नको म्हणून.

* * *

मग टोचणी आली. सर्टिफिकेट नसलं तर बोटीवर घेत नाहीत. दवाखान्यात डॉक्टरनं पोरांना रांगेत उभं केलं, छोटी इंदूच्या कडेवर. देवीची लस टोचून झाली की कंपाउंडर प्रत्येकाच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवायचा.

डॉक्टरनं पाच टोचण्या केल्या, पाच सह्या ठोकल्या. मी एका बाजूला उभा राहून इंदूला सांगत होतो, "पाहिलंस? शिस्त असली की सगळं कसं सोपं असतं."

घरी आलो. संध्याकाळी पाहतो तर बापूचे दोन्ही दंड टोचलेले आणि नलूचे दोन्ही दंड स्वच्छ!

"अरे, तू दोनदा टोचून घेतलंस?"

"गोळी भेटत होती ना!" बापू म्हणाला. नलूनं शेजारी बसून खुलासा केला की तिची गोळीसुद्धा त्यानंच खाल्ली, पण तिची काही तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नलूला घेऊन पुन्हा दवाखान्यात. डॉक्टरनं मला चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, वर्गात हजेरी घेता की नाही?"

* * *

परदेशात शोभेल असं वागणं शिकवायला मी परसात रोज संध्याकाळी क्लास काढला. काटे-चमचे विकत आणले. आता ज्वारीची भाकर काट्यानं मोडत नाही आणि सुरीनं कापत नाही, हे मला कुठलं माहीत! बापूनं जोर लावला तेव्हा भाकर थेट कोंबड्यांत जाऊन पडली.

"थँक यू" आणि "सॉरी" मात्र पोरांनी पक्कं केलं. फक्त क्रम चुकायचा. बापू आधी सॉरी म्हणायचा, मग धक्का द्यायचा.

पुढे बोटीवर आम्ही डेकचे प्रवासी. सगळे खाली मांडी घालून, पाची बोटांनी जेवणारे. काटे पेटीतून निघालेच नाहीत. किसुमूला पोहोचल्यावर इंदूनं ते बाहेर काढले आणि भरताची वांगी भाजण्याआधी टोचायला घेतले. चांगले टिकले!

* * *

बडनेरा स्टेशनवर आम्हाला पोचवायला अर्धी शाळा आली होती. हार, नारळ, हेडमास्तरांचं भाषण. आई आठ दिवस आधीच अक्काकडे अकोल्याला निघून गेली होती. रिकामं घर पाहवणार नाही म्हणाली.

गाडी आली ती खच्चून भरलेली. दारातून शिरणं शक्यच नव्हतं. विद्यार्थ्यांनी पोरं उचलली आणि खिडकीतून आत सरकवली. मी खिडकीतून हात हलवत होतो, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. गाडी सुटली. इंदूनं डबा उघडला, पुऱ्या वाटल्या. पोरं गपचूप खात होती. मी म्हटलं, "काय शहाणी पोरं आहेत!"

अकोल्याला अक्का फलाटावर डबा घेऊन उभी होती. आई आली नव्हती. "मी नाई येत," म्हणाली होती म्हणे, "गाडी हालली का मीबी हालीन." अक्कानं खिडकीतून आत डोकं घातलं, पोरांच्या गालांवरून हात फिरवला आणि थबकली.

"गजू, हा कोनाचा रे?"

खिडकीशी एक पोट्टा पुरी खात बसला होता. आमच्या शेजारच्या वकिलांचा विन्या! पोचवायला आलेल्या वकिलांचा मुलगा आमच्या पोरांबरोबर खिडकीतून आत आला होता आणि बडनेरा ते अकोला आमच्या खर्चानं पुऱ्या खात होता.

मी बापूवर ओरडलो, "तुला दिसला नाही?"

"दिसला ना! मले वाटलं, हाबी येऊन राहिला!"

अक्कानं विन्याला खाली उतरवून घेतलं आणि स्टेशनमास्तरकडे धावली. बडनेऱ्याला वकीलसाहेबांची काय अवस्था झाली असेल या विचारानं माझे कान तापले. मी इंदूला म्हटलं, "मोजू दिलं असतंस तर ही वेळ आली नसती."

इंदूनं डब्याचं झाकण लावलं. "जास्तच झाले ना? कमी तं नाई झाले! न मोजल्यानं वाढते, पाहा."

* * *

बोट पाहिल्यावर मात्र माझं धाबं दणाणलं. मुंबईचा धक्का, हजारभर माणसं, ट्रंका, वळकट्या, आणि त्यात माझी पाच. शिडी चढून वर आलो आणि मला राहवलं नाही. इंदूची पाठ होती. मी मनातल्या मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग लगेच इतकं वाईट वाटलं की दोन मिनिटं छोटीच्या दुपट्याचं टोक धरून उभा राहिलो.

इंदूला काही बोललो नाही. तिच्यापुढे मी दुसरीच पद्धत मांडली. "मोजायचं नाही ना? मग हजेरी घेतो. नावं घ्यायला हरकत नाही?"

"नावं घ्या. नंबर नका घेऊ."

तेव्हापासून दिवसातून चार वेळा डेकवर आमची हजेरी. "नलू!" "हाजिर!" "बापू!" "हाजिर!" कुसुमसुद्धा बोबड्या आवाजात हाजिर म्हणायची. शेजारचे प्रवासी कौतुकानं पाहायचे. मी ऐटीत वर्गासारख्या येरझाऱ्या घालायचो.

ऐट दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी समुद्र खवळला आणि साऱ्या डेकवर पहिला आडवा झालो तो मी! लिंबू झालं, सुपारी झाली, काही उपयोग नाही. पोरं मजेत हुंदडत होती. इंदूनं अमरावतीतल्या वडाळीच्या तलावापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नव्हतं, पण ती अंजनगावच्या माहेरी वावरावं तशी त्या डोलत्या डेकवर वावरत होती. मी पडल्या पडल्या डोळे मिटून हजेरी घ्यायचो.

इथेच चुकलं.

* * *

त्या दुपारी जेवणाची वेळ झाली. इंदूनं ताटल्या मांडल्या. एका ताटलीवर कोणी बसलं नाही.

"शरद कुठी हाये?"

"आत्ताच तर हाजिर म्हणाला," मी म्हटलं.

बापूनं मान खाली घातली. "थे हाजिर मी म्हनलो होतो. थो नव्हता ना, म्हनून."

माझ्या वर्गातली पोरं एकमेकांची हजेरी लावायची तेव्हा मी त्यांना बाकावर उभं करायचो. आता माझ्याच पोरानं लावली होती, आणि माझे डोळे मिटलेले होते!

आम्ही शोधायला लागलो. भटारखाना पाहिला, नळ पाहिले, शिड्या पाहिल्या, वळकट्यांच्या ढिगामागे पाहिलं. शरद नाही. मी कठड्याशी गेलो आणि खाली पाणी पाहिलं. त्या क्षणी मला बीएस्सी आठवलं नाही, काही आठवलं नाही. फक्त एवढंच कळत होतं की मी मोजलं होतं, आईनं नको म्हटलं असताना मोजलं होतं, आणि आता आईला कोणत्या तोंडानं लिहू?

इंदू समोरून आली. मी रडत होतो. सांगायला लाज कसली! म्हटलं, "मी मोजली होती गं. मुंबईला, शिडीवर."

तिचा चेहरा उतरला. मग तिनं विचारलं, "किती भरले होते?"

"पाच."

"बोटीवर चढल्यावर?"

"हो."

"मंग पाचच हायेत. बोट कुठी थांबली काय मधात? कठडा त्याच्या डोक्याच्या वर हाये. रडू नका, हुडका!"

गणित माझं होतं, उत्तर तिनं काढलं.

डेकच्या पार दुसऱ्या टोकाला एक कच्छी कुटुंब होतं. नवरा-बायको आणि पोरांची ही रांग! सगळी ताटं पुढे घेऊन बसलेली. रांगेत मधोमध आमचा शरद, दोन्ही हातांनी खात.

इंदूनं त्याला उचललं आणि छातीशी धरून जी रडली ती थांबेचना. त्या कच्छी बाईला काही समजेना. मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, "बेन, आपको मालूम नहीं हुआ, एक ज्यादा है?"

ती चक्क रागावली. "अमे छोकरां गणीए नहीं!"

म्हणजे तेही पोरं मोजत नव्हते! इंदूला गुजराती येत नव्हती, पण हे वाक्य तिला तिथल्या तिथे कळलं. ती डोळे पुसत त्या बाईशेजारी बसली आणि मोंबासा येईपर्यंत दोघी तशाच शेजारी बसून होत्या. एक वऱ्हाडी बोलायची, एक कच्छी. काय बोलायच्या ते मला कधीच समजलं नाही.

* * *

मोंबासाच्या बंदरात टेबलाशी एक गोरा अंमलदार. म्हातारा, लालबुंद, मिश्या पांढऱ्या. समोर आमचे कागद. त्यानं पेन्सिलचं टोक पोरांकडे रोखलं आणि सुरू केलं, "वन..."

इंदू पुढे झाली आणि पदर पसरून पोरांपुढे उभी राहिली.

अंमलदारानं माझ्याकडे पाहिलं. मागे रांग खोळंबलेली. आता मला इंग्रजीत सांगणं भाग होतं की साहेब, कृपा करून मुलं मोजू नका, आमच्याकडे मोजलेली मुलं कमी होतात. मी सांगितलं.

त्यानं शांतपणे कागद उचलला. धंद्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. "टीचर?"

"येस सर."

"विच सब्जेक्ट?"

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण पायाखाली सिमेंट होतं. मी म्हटलं, "मॅथेमॅटिक्स, सर."

तो हसला नाही. मिशीवरून हात फिरवत त्यानं थोडा वेळ इंदूकडे पाहिलं. मग पेन्सिल खाली ठेवली, कागदावरची नावं एकेक करून वाचली, आणि प्रत्येक नावाला पदरामागून आवाज आला, "हाजिर!" त्यानं शिक्का मारला. निघताना मला म्हणाला, आमच्या गावाकडे माझी आई मेंढ्यांची कोकरं अशीच मोजू द्यायची नाही.

मागून बापू मोठ्यानं म्हणाला, "सॉरी!" आणि त्याच्या टेबलाला धक्का दिला.

* * *

किसुमूला चार वर्षं काढली. तिथे आमचा धाकटा, प्रकाश, जन्मला. अक्काच्या हातची आईची पत्रं यायची. त्यात पोरं किती, कशी, केवढी झाली, असं काही नसायचं. एकच वाक्य असायचं: "सर्व आहेत ना?" मी उलट टपाली लिहायचो: "सर्व आहेत." चार वर्षांत माझ्या पत्रात दुसरी महत्त्वाची बातमी नव्हती आणि आईलाही नको होती.

परत आलो तो भर वैशाखात. मुंबईहून अकोल्याची गाडी धरली. मी सूट घातलेला, डोक्यावर हॅट. फॉरेन रिटर्न माणूस धोतरात कसा उतरणार? शेगाव सुटेपर्यंत मी घामानं इतका भिजलो होतो की कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, हे पोहत आलेत.

अकोल्याला गाडी शिरली. फलाटावर अक्का आणि तिच्या शेजारी आई. चार वर्षांत ती निम्मी झाली होती. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. आम्ही दारात आलो तशी ती पुढे झाली आणि हात आडवा धरला. "थांबा. सगळे एकदम नका उतरू. एकेक उतरा."

नलू उतरली. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "एक."

इंदूनं माझी बाही घट्ट धरली. आई म्हणाली, "घरी परत आलेलं लेकरू मोजलं तं कमी नाई होत."

बापू उतरला. आईला त्याच्या डोक्यावर हात ठेवायला टाच उंचवावी लागली. "दोन." शरद उतरला. "तीन." कुसुम आजीला ओळखत नव्हती, ती मागे सरायला लागली. आईनं तिला जवळ ओढलं. "चार." छोटी. "पाच." इंदूच्या कडेवरचा प्रकाश, ज्याला आईनं कधी पाहिलंच नव्हतं. त्याच्या टाळूवर तिचा हात जरा जास्त वेळ राहिला. "सहा."

भाकरीचा तुकडा तिनं अजून हातातच धरला होता. अक्का म्हणाली, "माय, झालं ना आता. ओवाळून टाक."

"काहून? थांब ना."

मी एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वळकटी घेऊन खाली उतरलो. आईनं माझी हॅट काढून अक्काच्या हातात दिली आणि माझ्या घामेजलेल्या टकलावर हात ठेवला.

"सात."